फुकट शिकवणीचा पहिला सौदा: ड्युओलिंगो खिशात आले तेव्हा

संकेतस्थळांवर नोंदणी करताना वाकडीतिकडी अक्षरे ओळखून टंकित केल्याचे तुमच्यापैकी काहींना आठवत असेल. त्यातला एक शब्द यंत्राला ठाऊक असे; दुसरा मात्र जुन्या छापील पानावरचा, यंत्राला न उलगडलेला. असंख्य लोकांनी अशा रीतीने नकळत ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे जुने अंक वाचून दिले. जुन्या वृत्तपत्रांत रमणाऱ्या आपल्यासारख्यांवर हे केवढे ऋण! या ‘रीकॅप्चा’च्या जनकांपैकी एक, ग्वाटेमालात जन्मलेले लुईस फॉन आन. २००९ मध्ये गूगलने ते विकत घेतले.

कार्नेगी मेलन विद्यापीठात प्राध्यापक असलेल्या फॉन आन यांनी मग आपला विद्यार्थी सेवेरिन हॅकर याच्यासह तीच युक्ती भाषाशिक्षणाला लावली. त्यांच्या मायदेशात इंग्रजी येणाऱ्याला चांगली नोकरी मिळे, पण इंग्रजी शिकायलाच पैसे लागत. म्हणून फी श्रमांच्या रूपाने घ्यायची: विद्यार्थ्याने सराव म्हणून खऱ्या मजकुराचे भाषांतर करायचे आणि ते विकून शिकवणीचा खर्च भागवायचा. एक लाख विद्यार्थी मिळाले तर इंग्रजी विकिपीडिया पाच आठवड्यांत स्पॅनिशमध्ये येईल, असा हिशेब त्यांनी २०११ च्या व्याख्यानात मांडला होता. जून २०१२ मध्ये ड्युओलिंगो सर्वांना खुले झाले.

हा सौदा संगणकासमोर निवांत बसलेल्या विद्यार्थ्याशी होता. नोव्हेंबर २०१२ मध्ये आयफोनवर आणि पुढच्या वर्षी अँड्रॉइडवर अॅप आले, तेव्हा विद्यार्थीच बदलला. तो आता बसमध्ये एका हाताने दांडा धरून उभा होता किंवा रांगेत ताटकळत होता. त्याच्याजवळ तीन-चार मिनिटे आणि एक अंगठा, एवढेच भांडवल. तेव्हा धडा तेवढ्या वेळात संपणे भाग होते. पूर्ण वाक्य टंकित करण्याऐवजी शब्दांचे ठोकळे बोटाने निवडून वाक्य जुळवायचे, हीही सोय झाली. (ओळखून निवडणे हे आठवून लिहिण्यापेक्षा सोपे असते, शिकण्याच्या दृष्टीने ही तडजोडच होती.)

लांबलचक लेखाचे भाषांतर मात्र या चौकटीत बसेना. तो विभाग संकेतस्थळावरच राहिला. गंमत अशी की, सीएनएन आणि बझफीड यांच्याशी भाषांतराचे करार जाहीर झाले ते २०१३ मध्येच, आणि त्याच वर्षी अॅपलने ड्युओलिंगोला आयफोनवरील वर्षाचे सर्वोत्तम अॅप ठरवले. भाषांतराच्या बाजारात दरांची ओढाताण असते, त्यात पडलो तर आपण शिकवणारी नव्हे, भाषांतर करणारी कंपनी होऊ, असे कारण फॉन आन यांनी पुढे दिले. ते खरेच असावे. पण माझ्या मते त्याआधीच मोबाइलने विद्यार्थ्याला त्या कामापासून दूर नेले होते.

२०१७ च्या आरंभी भाषांतराचा विभाग बंद झाला. २०१४ पासून सशुल्क इंग्रजी परीक्षा होतीच; आता जाहिराती आणि वर्गणी आली. २०२२ मध्ये हवा तो धडा निवडू देणाऱ्या ‘वृक्षा’च्या जागी एकच ठरलेली वाट आली आणि जुने विद्यार्थी बरेच रागावले. पुढे काय शिकायचे, हे चालता-फिरता ठरवावे लागू नये, ही त्यामागची सोय; निवडीचे स्वातंत्र्य मात्र गेले.

ज्या गरीब विद्यार्थ्यासाठी तो पहिला सौदा योजला होता, तो आजही तेथे फुकट शिकू शकतो. भाषांतर त्याला करावे लागत नाही. धडा संपला की जाहिरात पाहावी लागते.