कोसबाडच्या कुरणातली शाळा

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत डहाणू-तलासरी पट्ट्यातल्या वारली मुलांचे बालपण कामातच सरत असे. जमिनी सावकार-जमीनदारांकडे गेल्या होत्या. लग्नासाठी काढलेल्या कर्जापोटी नवराबायको धन्याकडे राबत. त्यांना लग्नगडी म्हणत. पावसाळ्यात घरातले धान्य संपले की खावटी घ्यावी लागे आणि ती फेडताना पुढच्या हंगामाचे भात जाई. मोठ्यांची मजुरी अशी आधीच गहाण पडलेली असल्याने मुलांच्या हातांनाही सुटका नव्हती. मुलगा जरा मोठा झाला की गुरांमागे जाई. मुलगी त्याआधीच धाकट्या भावंडाला कडेवर घेई. १९४५ मध्ये शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी वेठ नाकारली आणि गवतकापणीच्या वाढीव मजुरीसाठी संप केला. त्याच वर्षी जवळच्या बोर्डी गावात ताराबाई मोडक यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले.

ताराबाईंना तोवर बालशिक्षणाचा वीसहून अधिक वर्षांचा अनुभव होता. भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांच्याबरोबर त्यांनी माँटेसरी पद्धतीचा अभ्यास आणि प्रयोग केला होता, १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघाच्या स्थापनेत त्यांचा मोठा वाटा होता. माँटेसरी पद्धतीचा जन्म १९०७ मध्ये रोमच्या सान लोरेंझो या कष्टकऱ्यांच्या वस्तीत झाला. भारतात येईपर्यंत मात्र ती शहरातल्या सुखवस्तू घरांची झाली होती, कारण तिची आखीव साधने महाग होती आणि शाळेसाठी प्रशस्त जागा लागे. ही पद्धत पुन्हा गरिबाच्या मुलापर्यंत नेणे हे ताराबाईंच्या उत्तरायुष्याचे काम ठरले. १९४५ मध्ये त्यांना येऊन मिळालेल्या अनुताई वाघ यांनी ते पुढे सांभाळले. मोरगावात १९१० मध्ये जन्मलेल्या अनुताई बालविधवा होत्या. मोठ्या जिद्दीने शिकून त्या शिक्षिका झाल्या होत्या.

बोर्डीत पहिला धडा शिक्षिकांनाच मिळाला. बालवाडी उघडली, पण गावाबाहेरच्या वस्त्यांतली मुले तिथे येईनात. आईबाप पहाटेच मजुरीला जात, मुलांना तयार करून पाठवायला घरी कोणी नसे, आणि स्पृश्यास्पृश्यतेचे भय गेलेले नव्हते. तेव्हा शिक्षिकाच साहित्य घेऊन वस्तीत जाऊ लागल्या. एखाद्या झोपडीपुढचे अंगण झाडून, सारवून तिथेच वर्ग भरे. मुलांना अंघोळ घालणे, नखे कापणे, केस विंचरणे यापासून दिवस सुरू होई. गाणी, गोष्टी आणि खेळ त्यानंतर. हीच अंगणवाडी. शंखशिंपले, चिंचोके, खडे, बिया, पाने, बांबूचे तुकडे आणि माती हीच तिची साधने होती. मोजणे, जोड्या लावणे, लहानमोठे ओळखणे यांसाठी लाकडी ठोकळ्यांवाचून काही अडत नाही, हे इथे सिद्ध झाले. खर्च वाचला हा त्यातला लहान फायदा. मुलाच्या ओळखीच्या वस्तूच शिकण्याच्या वस्तू झाल्या, हा मोठा.

१९५६-५७ च्या सुमारास केंद्र बोर्डीहून डोंगराकडच्या कोसबाडला हलले आणि काम थेट आदिवासी पाड्यांमध्ये सुरू झाले. विकासवाडी या नावाने तिथे पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात उभी राहिली. या रचनेमागचे निरीक्षण नेमके होते. थोरली बहीण शाळेत येत नसे, कारण तिच्या कडेवर तान्हे मूल असे. तान्ह्याची सोय शाळेशेजारीच झाल्यावर ती वर्गात बसू शकली. मुलीला शिक्षणाची गोडी नाही, असे म्हणून हात झटकणे किती सोपे आणि किती चुकीचे होते, हे त्या एका पाळणाघराने दाखवले.

गुराख्यांचा प्रश्न त्याहून अवघड होता. गुरे सोडून मूल वर्गात बसले, तर घरची भाकरी तुटणार. म्हणून शाळाच कुरणात गेली. शिक्षक पाट्या, पुस्तके आणि चित्रे घेऊन गुरे चरत तिथे जाई आणि झाडाखाली मुले जमवी. एखादे जनावर दुसऱ्याच्या शेतात शिरले की मूल उठून पळे, ते वळवून पुन्हा येऊन बसे. शाळेच्या वेळापत्रकाने इथे मुलाच्या कामापुढे माघार घेतली होती, आणि म्हणूनच ही कुरणशाळा या साऱ्या प्रयोगांतली सर्वांत धाडसी म्हणावी लागते. तिने मुलाचे काम योग्य ठरवले नाही. गरिबी हटेपर्यंत मुलाने निरक्षर राहावे, हे तिने नाकारले.

ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळाले. १९७३ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यानंतर कोसबाडचा भार अनुताईंनी १९९२ पर्यंत, म्हणजे मृत्यूपर्यंत वाहिला. दरम्यान २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने ३३ प्रकल्पांपासून एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव दिले. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर या केंद्रांची संख्या १४ लाखांच्या दिशेने गेली. पूरक आहार, लसीकरण आणि वजनाच्या नोंदी यांचा लाभ कोट्यवधी मुलांना झाला, आणि तो थोडा नव्हे. पण नोंदवह्यांच्या ओझ्याखाली बोर्डीच्या अंगणातला खेळ आणि शिकणे मागे पडले. सेविकेला पगाराऐवजी मानधनच मिळत राहिले.

कुरणशाळेला तर सरकारी योजनेत असे घर मिळालेच नाही. गुरांमागे, वीटभट्टीवर किंवा ऊसतोडीच्या फडात जाणाऱ्या मुलांसाठी पुढे वस्तीशाळा, साखरशाळा निघाल्या, पण त्यांचे आयुष्य निधीवर आणि हंगामावर अवलंबून राहिले. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने ६ ते १४ वयाच्या मुलांना मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क दिला. ज्या वयापासून ताराबाई आणि अनुताईंनी काम सुरू केले, ते सहा वर्षांखालचे वय या हक्काबाहेरच राहिले. तीन वर्षांपासूनचे शिक्षण शालेय रचनेच्या पायाभूत टप्प्यात धरले गेले ते २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात.