जोडेघाटचे शेत आणि बचावाचा हक्क

आसिफाबादच्या बाजूच्या डोंगरांत जोडेघाट नावाची लहानशी वस्ती आहे. जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातील हा मुलूख 2016 पासून निराळ्या जिल्ह्यात मोडतो व त्या जिल्ह्यास कुमराम भीमचेच नाव दिलेले आहे. 1940 साली येथे निजामाच्या पोलिसांनी केलेल्या गोळीबारात कुमराम भीम हा गोंड पुढारी आणि त्याचे काही सोबती मारले गेले. दर वर्षी आश्विनी पौर्णिमेस तेथे गोंड व कोलाम लोक जमतात. भीमच्या शौर्याची गाणी पुष्कळ झाली. परंतु त्याच्या आयुष्याने जो एक कायद्याचा प्रश्न उभा केला, त्याकडे फारसे कोणी वळत नाही. आपले पीक, आपले घर दुसरा हिरावून नेऊ लागला, तर मनुष्याने हात कोठवर उगारावा?

प्रश्न फार जुना आहे. बायबलमधील निर्गमाच्या बाविसाव्या अध्यायात घर फोडताना सापडलेला चोर मारला गेल्यास रक्तपाताचा दोष नाही. मात्र सूर्य उगवल्यानंतर मारल्यास दोष आहे. रोमच्या बारा पाट्यांवरील कायद्यातही रात्रीचा चोर व दिवसाचा चोर यांत हाच भेद होता. अंधारात समोरच्याचा हेतू कळत नाही आणि मदतीस कोणी धावून येत नाही, हे त्यामागील साधे शहाणपण. मेकॉलेच्या आयोगाने 1837 साली दंडसंहितेचा मसुदा केला, तेव्हा बचावाच्या हक्काची व्याप्ती मुद्दामच ऐसपैस ठेवली. येथील रयत अन्याय निमूटपणे सोसते, तिच्यात थोडी धमक यावी, असा त्या मंडळींचा विचार होता. 1862 पासून लागू झालेल्या संहितेत आणि 1 जुलै 2024 पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेत या हक्काची चौकट बहुतांशी तीच आहे. चोरी, जबरी चोरी, आगळीक आणि फौजदारीपात्र अतिक्रमण यांपासून मालमत्तेचा बचाव करता येतो. मात्र गरजेपेक्षा अधिक इजा करता येत नाही, आणि सरकारी अंमलदारांकडे दाद मागण्यास अवधी असेल तर हक्कच उरत नाही. जीव घेण्याइतका हक्क जबरी चोरी, रात्रीची घरफोडी, राहत्या घरास आग लावणे अशा मोजक्या प्रसंगीच पोहोचतो. साध्या चोरीत तो पोहोचावयाचा, तर मृत्यूची किंवा जबर दुखापतीची रास्त भीती असावी लागते.

आता भीमच्या तारुण्यातील प्रसंग पाहावा. सुर्दापूर येथे त्याच्या कुटुंबाने कसलेल्या शेतावर सिद्दीक नावाच्या जमीनदाराने हक्क सांगितला. पीक काढणीस आले असता तो ते नेण्यास आला आणि भीमच्या काठीच्या घावाने मेला, असे सांगतात. भीम पुढे चांद्यास व तेथून आसामच्या चहामळ्यांत गेला. तो कोर्टापुढे उभा राहिला असता, तर सुटला असता काय? पीक नेणाऱ्याने जिवावर हात टाकला नसेल, तर मारण्याचा हक्क नाही. आणि त्याहून अवघड गोष्ट अशी की, आपल्याच हक्काचे म्हणून प्रामाणिक समजुतीने नेलेले पीक ही कायद्याने चोरीच नव्हे. म्हणजे सारे कागदावर येऊन ठेपले. आणि गोंडांपाशी नेमका कागदच नव्हता.

या भागातील कित्येक गोंड 'सिवाय जमाबंदी' पद्धतीने सारा भरून जमीन कसत, पण पट्टा त्यांच्या नावावर नसे. काजीपेठ ते बल्लारशा हा लोहमार्ग झाल्यावर बाहेरचे लोक येऊ लागले आणि पट्टे त्यांच्या नावावर चढले. त्यांत तेलुगू व मुसलमान होते तसे मराठी बोलणारेही होते, हे आपण विसरू नये. दरबारी भाषा उर्दू. कागद पुढे आला तरी गोंडाने तो वाचावा कसा?

जोडेघाटचा प्रसंग तर याहून कठीण होता. आसामहून परतल्यावर भीम व त्याच्या सोबत्यांनी बाबेझरी-जोडेघाटच्या रानात जमिनी काढल्या. ते राखीव जंगल ठरले आणि जंगलखात्याच्या माणसांनी झोपड्या जाळल्या. हैदराबाद संस्थानाचा दंडकायदा ब्रिटिश हिंदुस्थानातील कायद्याच्याच धर्तीवरचा होता. त्या साच्यात येथे दोन तत्त्वे एकमेकांवर आदळतात. राहते घर जाळणाऱ्याविरुद्ध बचावाचा हक्क सर्वांत मोठा. परंतु आपल्या अधिकाराच्या बळावर प्रामाणिकपणे काम करणाऱ्या लोकसेवकाविरुद्ध, मृत्यूची वा जबर दुखापतीची भीती नसेल तर, तो हक्क नाही. आग तीच, लावणाऱ्याच्या अंगावर सरकारी पट्टा असला की न्याय फिरतो!

स्वतंत्र भारतात ही कडा काहीशी बोथट झाली. दिल्लीतील मुन्शीराम खटल्यात, अंमलदारांनी रीतसर नोटीस न देता एका जुन्या कुळाच्या शेताचा ताबा दुसऱ्यास देऊ केला, तेव्हा कुळाच्या माणसांनी मारहाण केली. 1967 साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरविले. स्थिरावलेल्या ताब्यातून खऱ्या मालकालासुद्धा कायद्याच्या मार्गानेच कब्जेदारास हटविता येते, असे न्यायालयाचे म्हणणे. सुर्दापूरच्या बांधावर हाच नियम लावला असता, तर निदान काठी उगारण्याचा हक्क भीमच्या बाजूस आला असता. जीव घेण्याचा मात्र तरीही नाही.

भीमच्या मृत्यूनंतर निजाम सरकारने व्हिएन्नाचे मानवशास्त्रज्ञ फ्यूरर-हैमेनडॉर्फ यांना गोंडांच्या स्थितीचा अहवाल देण्यास सांगितले. महायुद्धात शत्रुराष्ट्राचा नागरिक ठरलेला हा गृहस्थ आदिलाबादच्या रानात गोंडांचा कैवारी व्हावा, हे एक नवलच! त्यांच्या प्रयत्नांनी अनेक गोंडांना पट्टे मिळाले आणि 1943 साली मारलावाई येथे गोंड शिक्षकांसाठी केंद्र निघाले. तेथील गोंडी वाचनपाठ देवनागरी लिपीत छापलेले होते. पट्टा देणे आणि तो वाचता येणे या एकाच कामाच्या दोन बाजू आहेत, हे त्यांनी ओळखले होते. पुढे 1970 च्या दुरुस्तीने अनुसूचित क्षेत्रात बिगर-आदिवासीच्या ताब्यातील जमीन मूळची आदिवासीचीच, असे गृहीत धरले जाऊ लागले. पुराव्याचे ओझे दुसऱ्या खांद्यावर गेले.

जंगलजमिनीचा प्रश्न मात्र राहिला. 2019 च्या जूनअखेरीस कागजनगरजवळच्या सारसाला गावी वनखाते रोपे लावण्यास गेले असता जमावाने एका महिला वनाधिकाऱ्यास काठ्यांनी मारले. गावकऱ्यांच्या मते ती कसती जमीन होती, खात्याच्या मते वन. रोपे लावण्याने कोणाच्या जिवास भय नव्हते, म्हणून बचावाच्या हक्काचा आधार तेथे सापडणे कठीण. 2006 च्या वनहक्क कायद्यानुसार, 13 डिसेंबर 2005 पूर्वीपासून वनजमीन कसणाऱ्या आदिवासीस, त्याच्या दाव्याची पडताळणी पूर्ण होईपर्यंत तेथून हटविता येत नाही. आणि तो दावा प्रथम मांडावयाचा असतो त्याच्या गावच्या ग्रामसभेपुढे.