हायड्रोजन फ्लोराइड: काच खाणारा वायू आणि तुमचा फोन

फोनमधली चिप बनवताना एक असा वायू लागतो, जो काचेच्या बाटलीत ठेवला तर बाटलीच खाऊन टाकतो. त्याचं नाव हायड्रोजन फ्लोराइड, थोडक्यात एचएफ. हाच वायू फोनची बॅटरी पेटल्यावरही तयार होतो, म्हणून त्याची ओळख करून घेऊया.

एचएफ म्हणजे नेमकं काय?

हायड्रोजनचा एक अणू आणि फ्लोरिनचा एक अणू, बस. फ्लोरस्पार नावाच्या खनिजावर सल्फ्युरिक ॲसिडची प्रक्रिया करून तो मिळवतात.

- रंग: नाही. पण दमट हवेत त्याचा पांढरा धूर दिसतो.
- वास: उग्र, नाकाला झोंबणारा.
- उत्कलनबिंदू: १९.५ अंश सेल्सिअस. म्हणजे थंडीत द्रव, उन्हाळ्यात वायू.
- पाण्यात: सहज विरघळतो आणि हायड्रोफ्लोरिक ॲसिड बनतं.

चिपसाठी का लागतो?

चिप सिलिकॉनची असते आणि तिच्यावर सिलिकॉन डायऑक्साइडचे पातळ थर असतात. काचेतला मुख्य घटकही हाच. एचएफ हा थर विरघळवतो, पण खालच्या सिलिकॉनला फारसा धक्का लावत नाही. म्हणून नको असलेला थर काढायला तो वापरतात. जुलै २०१९ मध्ये जपानने दक्षिण कोरियाला होणाऱ्या ज्या तीन मालांच्या निर्यातीवर कडक नियम लावले, त्यात एचएफ होता. कोरियातल्या चिप उद्योगाचं टेन्शन तेव्हा चांगलंच वाढलं होतं.

याशिवाय फ्रीज-एसीमधले वायू आणि टेफ्लॉन बनवायलाही तो लागतो.

धोका कुठे आहे?

बहुतेक ॲसिड लागलं की लगेच आग होते आणि आपण हात धुतो. एचएफचं सौम्य द्रावण फसवं असतं. सुरुवातीला काहीच जाणवत नाही, वेदना कधीकधी २४ तासांनी सुरू होतात. तोवर फ्लोराइड त्वचेतून खोल शिरून शरीरातलं कॅल्शियम बांधून टाकतं. रक्तातलं कॅल्शियम फार घटलं तर हृदयाचे ठोके बिघडून जीवही जाऊ शकतो. श्वासातून गेला तर फुफ्फुसात पाणी भरू शकतं, आणि हेही कधीकधी उशिरा होतं.

अमेरिकेच्या निओश या संस्थेच्या मते हवेत ३० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत ३० भाग एचएफ असला, तरी जिवाला तत्काळ धोका असतो.

२७ सप्टेंबर २०१२ रोजी दक्षिण कोरियातल्या गुमी शहरात एका कारखान्यात टँकरमधून एचएफ उतरवताना गळती झाली. ५ जणांचा मृत्यू झाला, हजारो लोकांना उपचार घ्यावे लागले, आजूबाजूची पिकं करपली. कामगारांनी पुरेशी संरक्षक साधनं घातलेली नव्हती.

आणि आपली बॅटरी?

लिथियम-आयन बॅटरीत सहसा लिथियम हेक्झाफ्लोरोफॉस्फेट नावाचं क्षार असतं. बॅटरी पेटली की त्यातून एचएफ बनतो. २०१७ च्या एका स्वीडिश अभ्यासात जळणाऱ्या बॅटऱ्यांमधून प्रति वॅट-तास २० ते २०० मिलिग्रॅम एचएफ निघाला.

आता हिशोब करू. ५००० एमएएचची बॅटरी म्हणजे साधारण १९ वॅट-तास, म्हणजे अंदाजे ०.४ ते ३.८ ग्रॅम एचएफ. १० फूट लांब, रुंद आणि उंच अशा बंद खोलीत तो सगळा पसरला तर साधारण १७ ते १६५ पीपीएम! प्रत्यक्षात काही वायू भिंतींना चिकटतो, काही बाहेर जातो. पण ३० चा आकडा आठवा.

मग काय करायचं?

- फुगलेली बॅटरी टोचू नका, दाबू नका, चार्ज करू नका. फोन बंद करून सर्व्हिस सेंटरला द्या. कचऱ्यात टाकू नका.
- फोनमधून धूर येऊ लागला तर व्हिडिओ काढत बसू नका. सगळ्यांना घेऊन खोलीबाहेर पडा आणि ११२ ला फोन करा.
- धूर छातीत गेला असेल तर बरं वाटत असलं तरी डॉक्टरांना दाखवा.
- एचएफ अंगाला लागला तर कपडे काढून भरपूर पाण्याने धुवा आणि लगेच दवाखाना गाठा. 'एचएफ लागलंय' हे आवर्जून सांगा, कारण त्यावर कॅल्शियम ग्लुकोनेटचा वेगळा उपचार लागतो.

'दुखत नाही म्हणजे काही झालं नाही' हा नियम या वायूला लागू होत नाही. एवढं एक लक्षात ठेवलंत तरी पुरे.