पाण्याकाठची तहान

बेट म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे समुद्र येतो. पण पुण्यापासून चाळीसेक किलोमीटरवर, मुळशी धरणाच्या काठी, वाढत्या पाण्यापुढे मागे सरणे म्हणजे काय, हे माणसांनी शंभर वर्षांपूर्वीच अनुभवले आहे.

मुळेचे हे खोरे आंबेमोहोराचे. सह्याद्रीवर कोसळणारा पाऊस अडवायचा, तो घाटाखाली भिऱ्याला सोडायचा आणि मुंबईसाठी वीज काढायची, अशी टाटा कंपनीची योजना होती. तिच्यात बावन्न गावे सापडली. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, सत्याग्रह सुरू झाला. घोषणा होती, 'जान किंवा जमीन'. पांडुरंग महादेव बापट 'सेनापती' झाले ते याच लढ्यात. काही काळ काम थांबले, पण सरकारने भूसंपादनाचा कायदा कंपनीच्या मदतीला दिला. १९२४ च्या अखेरीस लढा संपला. १९२७ मध्ये भिऱ्याचे केंद्र सुरू झाले.

या हारेचे एक कारण विसरू नये. पुष्कळ जमिनी पुण्याच्या सावकारांच्या नावे होत्या. त्यांनी मोबदला स्वीकारला. कसणाऱ्याच्या हाती कागद नव्हता, म्हणून त्याच्या घामाला किंमत नव्हती. काही कुटुंबे देशोधडीला लागली, काही डोंगरउतारावर सरकली. भाताची खाचरे पाण्याखाली गेली. वर उरली उतारावरची नाचणी-वरी. समोर अथांग पाणी, तरी उन्हाळ्यात हंडा घेऊन पायपीट. येथल्या पाण्याची वीज मुंबईत पोचली आणि धरणाकाठी वर्षानुवर्षे कंदीलच जळत राहिला. दिव्याखाली अंधार, दुसरे काय?

आज समुद्र चढतो आहे. प्रशांत महासागरातील किरिबाती या बेटांच्या देशाने २०१४ मध्ये फिजीत जमीन विकत घेतली, पुढच्या पिढ्यांची सोय म्हणून. आपल्याकडे पाऊसही बदलला आहे. पुण्याच्याच उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवून दिले की, मध्य भारताच्या पट्ट्यात व्यापक अतिवृष्टीच्या घटना १९५० पासून सुमारे तिपटीने वाढल्या. उद्या खाडीकाठचा कोळी, उतारावरचा कुळवाडी यांना पुन्हा हलावे लागेल.

माणूस जुळवून घेतो. मुळशीकरांनीही घेतले. पण त्यांना कोणी आधी विचारले नव्हते, आधी जमीन दाखवली नव्हती. पुढच्या वेळी पाणी दाराशी येण्यापूर्वी यादी करायला बसू, तेव्हा सातबारावर नाव नसलेल्यांना त्या यादीत पहिले घ्यावे, एवढेच माझे मागणे आहे.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)