दातांचा ब्रिज बसवलाय? मग त्याच्या खालची सफाई विसरू नका

पडलेल्या दाताच्या जागी बसवलेला पक्का कृत्रिम दात म्हणजे ब्रिज. त्यासाठी साधारणपणे शेजारचे दोन दात घासून लहान करतात, त्यांवर कॅप बसवतात आणि मधला खोटा दात त्या कॅपना जोडलेला असतो. ब्रिज सिमेंटने चिकटवलेला असल्यामुळे तो कवळीसारखा काढून धुता येत नाही.

धोका नेमका कुठे?

ब्रिजला कीड लागत नाही, पण कॅपखालच्या खऱ्या दाताला लागते. कॅपची कड हिरडीला टेकते तिथे आणि खोट्या दाताच्या खाली अन्नकण व जंतूंचा चिकट थर साचतो. त्यामुळे हिरड्या सुजतात आणि आधाराचा दात किडू शकतो. त्या दाताचे रूट कॅनल झालेले असेल, तर नस नसल्याने कीड लागली तरी ठणका लागत नाही आणि दुखणे उशिरा कळते. आधाराचा दात गेला, की बहुतेक वेळा पूर्ण ब्रिज बदलावा लागतो.

सफाई कशी करावी?

• दिवसातून दोनदा मऊ ब्रश आणि फ्लोराइड असलेली टूथपेस्ट वापरा. ब्रश हिरडीच्या कडेला तिरका धरून हलक्या हाताने फिरवा.
• दात एकमेकांना जोडलेले असल्याने साधा फ्लॉस वरून आत जात नाही. सुपरफ्लॉसचे कडक टोक बाजूच्या फटीतून खोट्या दाताखाली सरकवा आणि दोरा मागे-पुढे फिरवा. हे रोज एकदा, शक्यतो रात्री करा.
• फट मोठी असेल तर इंटरडेंटल ब्रश वापरा. योग्य आकार डॉक्टरांकडून समजून घ्या.
• टाचणी किंवा सेफ्टी पिनने दात कोरू नका. हिरडीला इजा होते.

काय टाळावे?

सुपारी, बर्फ, कडक चिक्की ब्रिजने फोडू नका. मिश्री, तंबाखू आणि गुटखा हिरड्यांचे शत्रूच आहेत. मधुमेह असेल तर साखर नियंत्रणात ठेवा, कारण ती वाढली की हिरड्यांचे आजार बळावतात.

डॉक्टरांकडे कधी जावे?

ब्रश करताना रक्त येणे, तोंडाला वास किंवा खराब चव येणे, ब्रिज हलणे, चावताना दुखणे ही लक्षणे दिसली तर थांबू नका. ब्रिज निघालाच तर घरच्या गोंदाने चिकटवू नका, जपून डबीत ठेवा आणि दवाखान्यात न्या. त्रास नसला तरी साधारण सहा महिन्यांनी तपासणी करून घ्या. नीट निगा राखली तर ब्रिज दहा वर्षे, कधी त्याहूनही जास्त टिकतो.