ज्ञानविनिमय, एआय एजंटांमधील

एका एआय एजंटाने शिकून कमावलेले ज्ञान दुसऱ्याला पहिल्यापासून न शिकता मिळावे, यासाठी वापरल्या जाणाऱ्या पद्धती. एजंटांनी एकमेकांना नुसते निरोप धाडणे यात मोडत नाही.

मिंग टॅन यांच्या १९९३ च्या शोधनिबंधात या विषयाची मांडणी नेमकेपणाने आढळते. १० × १० चौकटींच्या पटावर सावज पकडणाऱ्या शिकारी एजंटांना त्यांनी तीन गोष्टी वाटून घेऊ दिल्या : समोर दिसणारी परिस्थिती, शिकारीचे पूर्ण अनुभव आणि शिकलेली धोरणे. अनुभव व धोरणे वाटल्याने शिकणे वेगवान झाले. नको ती जादा माहिती मात्र अडथळा ठरली.

न्यूरल नेटवर्कचे ज्ञान त्याच्या वेट्समध्ये, म्हणजे जोडण्यांच्या आकड्यांमध्ये असते. त्यामुळे हे आकडेच एकत्र करणे हा सर्वांत सरळ मार्ग. गूगलच्या ब्रेंडन मॅकमहन आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या फेडरेटेड लर्निंगमध्ये प्रत्येक फोन स्वतःजवळच्या मजकुरावर शिकतो आणि फक्त बदललेले आकडे सर्व्हरकडे पाठवतो. तेथे त्यांची सरासरी काढली जाते. ही सरासरी कामी येते ती सर्वांची सुरुवात एकाच मॉडेलपासून झाली असेल तर. वेगवेगळ्या आरंभापासून शिकलेल्या दोन मॉडेलांची सरासरी दोघांपेक्षाही वाईट निघते. मजकूर फोनबाहेर जात नाही म्हणून खासगीपणा राखला जातो, हा दावाही पूर्ण खरा मानू नये : असे पाठवलेले ग्रेडियंट (आकडे कोणत्या दिशेने किती बदलायचे ते सांगणारी मूल्ये) वापरून मूळ चित्रे परत मिळवता येतात, हे २०१९ मध्ये एमआयटीतील संशोधकांनी दाखवले.

दोन मॉडेलांची रचना वेगळी असेल तर डिस्टिलेशन वापरतात. जेफ्री हिंटन, ओरिऑल विन्याल्स व जेफ डीन यांच्या २०१५ च्या निबंधाने ही पद्धत रूढ झाली. मूळ कल्पना त्याआधीची, २००६ ची. येथे लहान मॉडेल मोठ्याचे अंतिम उत्तर तेवढे घेत नाही, तर प्रत्येक पर्यायाला त्याने दिलेली संभाव्यताही शिकते. हाताने लिहिलेला हा २ काहीसा ३ सारखा दिसतो, ही जाणीव त्या किरकोळ वाटणाऱ्या आकड्यांत दडलेली असते. एका प्रयोगात शिकणाऱ्या लहान मॉडेलला हस्तलिखित ३ एकदाही दाखवला नव्हता. तरीही एक लहानशी दुरुस्ती केल्यावर त्याने चाचणीतले ९८.६ टक्के ३ ओळखले. या निबंधातला सर्वांत चकित करणारा निष्कर्ष हाच.

भाषिक मॉडेलांवर उभे असलेले एजंट ज्ञान मजकूर किंवा प्रोग्रॅमच्या रूपात साठवतात. २०२३ मधील व्हॉयेजर हा एजंट माइनक्राफ्ट खेळताना जमलेली कौशल्ये कोडमध्ये लिहून ठेवी. तो संग्रह ऑटोजीपीटी या दुसऱ्या एजंटालाही उपयोगी पडला. काय दिले-घेतले जात आहे ते येथे माणसाला वाचता येते, म्हणून हा मार्ग तुलनेने तपासायला सोपा.

इतरत्र ती सोय नसते. २०२५ च्या एका अभ्यासात घुबडांची आवड लावलेल्या मॉडेलकडून केवळ अंकांच्या मालिका लिहून घेतल्या. त्यांवर शिकलेल्या मॉडेललाही घुबडे आवडू लागली. दोघांचे मूळ मॉडेल वेगळे असताना हा परिणाम सहसा दिसला नाही.