काळ्या पाषाणाच्या पोटातील स्फटिक

सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाइतकी रुक्ष वस्तू दुसरी नसेल, असे पुष्कळांस वाटते. परंतु सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हा थिजत असता वायूंचे बुडबुडे त्यात अडकले. पुढे त्या पोकळ्यांत उष्ण पाणी झिरपले आणि त्यातील द्रव्ये सावकाश स्फटिकरूपाने जमली. माळव्यापासून बेळगावापर्यंत पसरलेल्या या खडकात अशी असंख्य बंद दालने आहेत.

त्यांची दारे उघडली ती सुरुंगांनी. भोर घाटातील लोहमार्गाचे काम १८५६ साली सुरू होऊन १८६३ साली पुरे झाले. त्यासाठी २५ बोगदे खोदले गेले. हजारो मजूर तेथे राबले. पटकीने कितीतरी दगावले. खोदकामात निघालेले स्फटिक विलायतेच्या संग्रहालयांत मानाने जाऊन बसले. सुरुंग ठासणाऱ्यांची नावे त्यांच्या चिठ्ठ्यांवर कोण लिहिणार?

या स्फटिकांत ॲपोफिलाइट विशेष प्रसिद्ध. प्रथमदर्शनी तो कोपरे तासलेल्या फाशासारखा दिसतो व नवखा माणूस फसतो. नीट न्याहाळावे: बाजूच्या चार पृष्ठांवर बारीक उभ्या रेघा व काचेची चकाकी असते, तर माथ्यावर मोत्याची झाक. कारण आतील रचना माथ्याशी समांतर अशा थरांची आहे. आघात होताच तो त्याच दिशेने सपाट दुभंगतो. तापविल्यास त्याचे पापुद्रे सुटतात. यावरूनच एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी आयुई या फ्रेंच धर्मगुरूने, जो स्फटिकशास्त्राचा एक आद्य आचार्य होता, त्याचे ग्रीक नाव योजिले. त्याचा सोबती स्टिल्बाइट मात्र मध्ये आवळलेल्या गव्हाच्या पेंढीसारखा फुलतो.

निळ्याभोर कॅव्हन्साइटची हकीकत अलीकडची. १९६७ साली तो प्रथम अमेरिकेतील ऑरेगन येथे सापडला. परंतु १९८० च्या दशकाच्या अखेरीस पुण्याजवळील वाघोलीच्या खाणींतून त्याचे जे झुबके निघाले, त्यांची सर कशालाच नाही. त्याचा रंग व्हॅनेडियम धातूमुळे येतो.

या खाणी खडीसाठी चालतात. वेळीच हात पुढे झाला नाही, तर स्फटिकही दगडासवे भरडला जातो. वाचला तरी जुन्या चिठ्ठ्यांवर पुष्कळदा केवळ ‘पुणे’ एवढेच लिहिलेले आढळते. संग्राहकाने खाणीचे नाव, गाव व साल त्याच दिवशी टिपून ठेवावे. खाण बुजली, वर घरे उभी राहिली, की ते विचारायचे कोणाला?